टोबणी

माझ्याकडे शाळा एकतीस, स्कूटी एक.
मंगळवार बोरधऱ्याचा.
घाटंजी सोडली की डांबर संपतं,
मग दोन्ही अंगांना पऱ्हाटी आणि मधून मी,
अकरा महिन्यांच्या करारावर.

हजेरीत तिचा रकाना वेगळा.
दृष्टिदोष, पूर्ण : एक.
एकाखाली तांबडी रेघ.
सुकेशनी भगत, इयत्ता तिसरी,
मागच्या भिंतीशी बसते,
खिचडीच्या कुकरची शिट्टी कितवी
हे वर्गाला तीच सांगते.

साहित्य आलेलं आहे, घोडेस्वार सर म्हणाले.
कपाटात. सीलबंद. तीन वर्षं झाली.
"काढलं अन् हरपलं, मॅडम,
त ऑडिटले जवाब कोन देईन?"
चावी त्यांच्या आतल्या खिशात,
पेन्शनच्या कागदांजवळ.

म्हणून पंचफुलाबाईंनी, म्हणजे तिच्या आईने,
किराण्यातून अंड्यांचा ट्रे आणून विळीवर कापला.
सहा खळगे.
सीताफळाच्या बिया, धुऊन वाळवलेल्या.
डावीकडे वर एक बी : अ.
खालचा खळगा सोडून आणखी एक : क.
पावसाळाभर एवढंच.
बिया गुळगुळीत होत गेल्या.

दिवाळीनंतर मी पाटी दिली, माझी स्वतःची,
आणि टोचणी.
सांगताना मीच अडखळले :
लिहायचं उजवीकडून,
कागद उलटायचा,
वाचायचं डावीकडून.
ती गप्प. मग म्हणाली,
"टोबल्यावानी."
काय?
"माय सरकी टोबते ना.
इकून दाबाचं, तिकून उगवते."
आम्हाला हे कॉलेजात दोन तास शिकवलं होतं
आणि निम्मा वर्ग तरीही उलटंच लिहीत होता.

फेब्रुवारीत तपासणी लागली. कपाट उघडलं.
ब्रेलचं पुस्तक, उशीएवढं,
सील शाबूत.
सुकेशनीने मांडीवर घेतलं,
पहिल्या पानावर बोटं ठेवली,
थांबली, मागे गेली, पुन्हा फिरवली.
"मॅडम, हे अक्षर तुमी नाही शिकवलं."

उधईने तळातून वर रस्ते काढले होते,
मातीचे, बारीक, वळणावळणाचे,
पानामागून पान.
सर चष्मा पुसत राहिले.
मी म्हणाले, हे मलाही येत नाही गं.

जाड कागद लागतो. तो यवतमाळला मिळतो.
गावात जाड कागद फक्त लग्नाचा.
पंचफुलाबाई घरोघर गेल्या,
खुंटीच्या, ट्रंकेतल्या, देव्हाऱ्यामागच्या
जुन्या पत्रिका मागून आणल्या.
आता एका अंगाला गणपती,
कुणाचं कुणाशी, किती वाजून किती मिनिटांनी,
अगत्य येण्याचे करावे;
आणि त्यातूनच वर आलेली बाराखडी.
बोरधऱ्यातल्या सगळ्या संसारांना
पोरीने भोकं पाडलीत, असं उपसरपंच म्हणाले,
आणि स्वतःच्या मुलाची पत्रिका देऊन गेले.

काल तिने पहिलं पूर्ण वाक्य दिलं.
मी वाचायला घेतलं. ती कान लावून.
"तुमी डोयानं वाचता."
कशावरून?
"बोटं वाजत नाही तुमची."

खरं होतं.
उजेडात ठिपक्यांना सावली असते,
त्या सावलीवरच मी पास झालेली.
मग मिटले डोळे.
नवरदेवाचे मामा, वधूपक्षाचा मुक्काम,
बोटाला यातलं काहीच लागलं नाही.
ठिपके लागले. चुकले. परत लागले.
एका ओळीला कुकरच्या चार शिट्ट्या.
ती मोजत होती.

आठवड्यात मंगळवार दोन पाहिजे.

'दोन'मध्ये ठिपका एक जास्त पडलाय, मी म्हणाले,
विषय बदलायला.
"राहू द्या," ती म्हणाली.
"माय बी एका खड्ड्यात दोन टाकते."